विद्यार्थिनींमध्ये फक्त आपणच दिसतो, तेव्हा शिक्षकाने काय करावे?

नमस्कार.

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आपण ११ वर्षे कथकचा वर्ग चालवता, आपल्या ७ विद्यार्थिनी विशारद या वरच्या परीक्षेच्या टप्प्यावर आहेत, आणि गेल्या वार्षिक कार्यक्रमानंतर एका जाणकार प्रेक्षकाने "मुली तयार आहेत, पण सगळ्यांत तुम्हीच दिसता" असे म्हटल्यापासून आपण अस्वस्थ आहात. मुलींना स्वतःची शैली सापडावी म्हणून शिक्षकाने नेमके काय करावे, ते केव्हा सुरू करावे आणि तसे करताना घराण्याची शिस्त तर सुटणार नाही ना, असे आपण विचारले आहे. शेवटी आपण एका मुलीबद्दल लिहिले आहे. तिचा हात समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, बरोबर पोहोचतो, पण नजर नेहमी किंचित उशिरा येते, आणि तीन वर्षे सांगूनही ती सवय जात नाही. तिच्याकडे मी सर्वांत शेवटी येईन, कारण तिच्याबद्दल बोलण्यापूर्वी बाकीचे स्पष्ट व्हायला हवे.

मी पुण्यात २९ वर्षे कथक शिकवते आहे. माझ्या अनुभवात हा प्रश्न "शैली कशी द्यावी" असा घेतला की वाट चुकते. विद्यार्थिनी आपल्याकडून तीन गोष्टी एकदम उचलत असते. पहिली म्हणजे व्याकरण, म्हणजे लय, ताल, अंगशुद्धी, हस्तकांची (हातांच्या हालचालींची) रेषा आणि बोलांचा स्वच्छ उच्चार. दुसरी म्हणजे घराण्याचे वळण. लखनौची नजाकत आणि गतभावाचा (हावभावांतून कथा सांगण्याचा) विस्तार एका बाजूला, तर जयपूरची चक्करे, परणांचे, म्हणजे पखवाजाच्या बोलांवरच्या रचनांचे, वजन आणि लयकारीचा जोर दुसऱ्या बाजूला. तिसरी गोष्ट म्हणजे गुरूची लकब. मान किती झुकते, सम घेण्याआधी श्वास कुठे थांबतो, हसू ओठांवर आधी येते की डोळ्यांत, हे सारे त्या लकबीत येते. लहान मुलीला या तिन्हींमधला फरक कळत नाही आणि कळण्याचे कारणही नाही; ती सगळे एकत्रच घेते. खरी अडचण अशी आहे की पुष्कळदा तो फरक शिक्षकालाही दिसत नसतो. त्यामुळे व्याकरण आणि वळण जितक्या निष्ठेने पुढे जाते, तितक्याच निष्ठेने लकबही पुढे जाते आणि सात मुली एकाच व्यक्तीसारख्या दिसू लागतात.

मला हे कसे कळले ते सांगते. काही वर्षांपूर्वी माझा डावा घोटा दुखावला होता. दुखणे चार-पाच महिन्यांत बरे झाले, पण सम घेताना सगळा भार उजव्या पायावर ठेवायचा आणि डावा पाय नुसता टेकवायचा, ही सवय राहून गेली. पुढे दोन वर्षांनी एका कार्यक्रमाचे चित्रीकरण पाहताना पहिल्या रांगेतल्या सहाही मुलींच्या डाव्या टाचा समेवर जमिनीपासून बोटभर उचललेल्या दिसल्या. त्यांपैकी एकीचाही घोटा कधी दुखावलेला नव्हता. मी त्यांना असे शिकवले नव्हते आणि कधी दुरुस्तही केले नव्हते, कारण मला ते दिसतच नव्हते. माझे दुखणे सहा निरोगी मुलींच्या अंगात उतरले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून माझी शिकवण्याची रीत बदलायला सुरुवात झाली.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की मुलींसाठी काही करण्याआधी आपण स्वतःला पाहावे. आपल्या नाचाचे अर्ध्या तासाचे चित्रीकरण आवाज बंद करून पाहा आणि जे जे पुन्हा पुन्हा येते ते कागदावर उतरवा. त्यातले व्याकरण कोणते, घराण्याचे कोणते आणि केवळ आपले कोणते, हे वेगळे काढा. शंका असेल तिथे आपल्या गुरुभगिनींपैकी कोणाला विचारा; एकाच गुरूकडे शिकलेल्या दोघी जे वेगळे करतात ते बहुधा लकबीचे असते. मग मुलींना ते नाव घेऊन सांगा: "मान इथे वळते ती माझी आवड आहे, बोलाची मागणी नाही." हे एवढे एक वाक्य वर्गात नियमाने बोलले गेले, तर मुलींच्या डोळ्यांना गाळणी मिळते. लकब वाईट असते असे मला म्हणायचे नाही. आपल्या गुरूंची एखादी लकब आपणही प्रेमाने जपत असतो. ती जपायची असेल तर जाणून जपावी, एवढेच.

दुसरा बदल अधिक कठीण आहे, तो म्हणजे खाली बसणे. आपण बहुतेक शिक्षिका मुलींच्या पुढे उभ्या राहून त्यांच्याबरोबर नाचतो. नवा तोडा, म्हणजे नाचाच्या बोलांची छोटी रचना, बसवताना ते आवश्यकच असते, पण तोडा पाठ झाल्यावरही आपण नाचतच राहतो. मग मुलीला स्वतःच्या शरीरातून काही ऐकू येण्याआधी आपले शरीर समोर उत्तर देऊन मोकळे होते. मी आता बंदिश पक्की झाली की हातावर ताल धरून बसते. पहिल्या महिन्यात मुली गोंधळतात, हात खाली येतात, समेच्या आधी चाचपडतात. तो महिना धीराने काढावा लागतो. ज्या बंदिशीत हालचालीचे एकाहून अधिक मार्ग आहेत, ती मी मुद्दाम दोन प्रकारे करून दाखवते आणि कोणता घ्यायचा हे सांगत नाही. जमेल तेव्हा वेगळ्या घराण्याच्या एखाद्या कलावंताला चार दिवस वर्गात बोलावते, म्हणजे मुलींच्या मनात चांगल्या नाचाचे एकच चित्र राहत नाही.

आता घराण्याच्या शिस्तीबद्दल. आपली भीती मला समजते, पण कथकचा इतिहास मला उलट दिशेने धीर देतो. लखनौच्या एकाच घरात कालकाप्रसादांचे तीन पुत्र वाढले: अच्छन महाराज, लच्छू महाराज आणि शंभू महाराज. घर एक, तालीम एक, बिंदादीन महाराजांच्या ठुमऱ्यांचा वारसाही एकच. तरी लच्छू महाराज लास्य (नाजूक, लालित्याच्या) अंगासाठी ओळखले गेले, तर शंभू महाराज बसून भाव सांगू लागले की एका ओळीचे अर्थ संपत नसत. अच्छन महाराज गेले तेव्हा बिरजू महाराज लहान होते; ते पुढे दोन्ही काकांकडे शिकले, आणि तरीही त्यांचा नाच काकांपैकी कोणाचीही नक्कल झाला नाही. आपल्याकडे रोहिणीताई भाटे (१९२४–२००८) यांनी १९४७ साली पुण्यात 'नृत्यभारती' ही कथकची संस्था सुरू केली. त्या लच्छू महाराजांकडे शिकल्या आणि मोहनराव कल्याणपूरकरांकडेही. मोहनरावांनी तर स्वतः जयपूर आणि लखनौ अशा दोन्ही घराण्यांची तालीम घेतलेली होती. या साऱ्याला रोहिणीताईंनी संगीताची जाण आणि संस्कृत ग्रंथांचा अभ्यास जोडला, आणि त्यांचे कथक पाहताच ओळखू येई. अहमदाबादला कुमुदिनी लाखियांच्या 'कदंब' या नृत्यसंस्थेमधून अदिती मंगळदास, दक्षा शेठ, मौलिक शाह बाहेर पडले आणि तिघांच्या वाटा तीन दिशांना गेल्या. स्वतः कुमुदिनीबेन शंभू महाराजांच्या शिष्या होत्या. या साऱ्यांची तालीम कडक होती. परंपरेतच 'उपज', म्हणजे नाचता नाचता सुचलेले नवे, असा शब्द आहे, हे आपण विसरतो आणि मग शिस्त म्हणजे नक्कल असे धरून बसतो.

अर्थात सगळे सगळ्यांना सारखे लागू पडत नाही. आठवड्यातून दोनदा एक तास येणाऱ्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीला मी शैलीबद्दल एक शब्दही बोलत नाही. पहिली चार-पाच वर्षे अनुकरणाचीच असतात आणि ती तशीच असू द्यावीत. तत्कार (पायांचे मूळ काम), पलटे (वळण्याच्या हालचाली), हस्तक आणि चक्कर अंगात मुरल्याशिवाय निवड कशातून करायची? ज्या मुलीला दुगुणीत (दुप्पट लयीत) ठाय (मूळ लय) सापडत नाही, तिला "तुझे काहीतरी कर" म्हणणे हा तिच्यावर अन्याय आहे. समूहरचनेत हाताची उंची आणि मानेचा कोन एकच हवा, तिथे स्वतःचे वळण बाजूला ठेवता येणे हाही तालमीचाच भाग आहे. परीक्षेच्या आधी तीन महिने मी नवे प्रयोग थांबवते, कारण परीक्षकासमोर मुलीचे मन अभ्यासक्रमावर स्थिर हवे. परदेशातल्या मराठी घरांतल्या ज्या मुली माझ्याकडे ऑनलाइन शिकतात, त्यांची गोष्ट आणखी वेगळी. आवाज पोहोचायला क्षणभर उशीर होत असल्यामुळे त्यांना माझ्या ठेक्याबरोबर नाचताच येत नाही. त्या आपल्या घरी लेहरा, म्हणजे ताल धरून फिरत राहणारी धून, लावतात, चित्रीकरण करून पाठवतात आणि मी नंतर पाहते. माझे शरीर त्यांच्यासमोर सतत नसल्यामुळे त्यांचे व्याकरण कच्चे राहण्याचा धोका अधिक, पण स्वतःचे वळण लवकर दिसण्याची शक्यताही अधिक, असे मला आढळले आहे.

आपल्या सात मुली मात्र विशारदच्या टप्प्यावर आहेत. त्यांच्यासाठी वेळ आलेली आहे, किंबहुना दोन वर्षांपूर्वीच आली होती.

त्यांच्याबरोबर कामाला सुरुवात करताना "स्वतःचे काहीतरी करा" असे मोकळे रान देऊ नये. मोकळ्या रानात घाबरलेली मुलगी पाठ असलेल्या वाटेनेच पळते, आणि पाठ असलेली वाट आपलीच असते. अट घट्ट असावी आणि तिच्या आत एकच निवड मुलीने करायची असावी. मी तिहाईपासून, म्हणजे तीनदा येऊन समेवर संपणाऱ्या बोलांपासून, सुरुवात करते, कारण तिथे हिशेब पक्का असतो आणि रुची लपत नाही. १६ मात्रांच्या तीनतालात पहिल्या मात्रेपासून निघून पुढच्या समेवर संपणारी तिहाई बांधा, एवढीच अट. पुढची सम धरून १७ मात्रा भरायच्या. एक मुलगी ५ मात्रांचा पल्ला (तीनदा येणारा तुकडा) घेते आणि मध्ये १-१ मात्रेचा दम (थांबा) ठेवते. १५ आणि २ मिळून १७ होतात. दुसरी ३ मात्रांचा पल्ला घेते आणि मध्ये ४-४ मात्रांचा दम ठेवते. ९ आणि ८ मिळून तेच १७. दोन्ही बरोबर आहेत, पण पहिलीला भरगच्चपणा हवा आहे आणि दुसरीला शांतता. मुलीने काय निवडले ते मी वर्गात मोठ्याने सांगते, चांगले-वाईट काही न म्हणता: "तू जागा मोकळी ठेवलीस." बऱ्याच मुलींना आपण काही निवडले हे त्या वाक्यानेच पहिल्यांदा कळते.

एका विद्यार्थिनीने तो चार मात्रांचा दम ठेवला आणि मग मला विचारले, "या चार मात्रांत मी काय करू?" मी सांगणार नाही असे सांगितले. पहिल्या आठवड्यात तिने ती जागा घुंगरांनी भरून टाकली, कारण रिकाम्या जागेची तिला भीती वाटत होती. दुसऱ्या आठवड्यात ती नुसती ताठ उभी राहिली, आणि ते उभे राहणे निर्जीव होते. तिसऱ्या आठवड्यात पल्ला संपला तेव्हा तिचा उजवा हात वर होता. हात तिथेच ठेवून तिने चार मात्रांत नजर बोटांच्या टोकापासून मनगटावर, मनगटावरून कोपरावर आणि तिथून जमिनीवर आणली, आणि पाचव्या मात्रेला पाय उठला. वर्गातल्या सगळ्या मुली गप्प झाल्या. मी ते कधी केलेले नाही आणि आयुष्यभर मला ते सुचले नसते. आज ती मंचावर नाचते, आणि शांततेत नजर चालवणे ही तिची ओळख झाली आहे.

थाटातही, म्हणजे सुरुवातीच्या संथ, थोड्या हालचालींच्या भागातही, असेच काम होते. विलंबित तीनताल लावायचा, तीन आवर्तने द्यायची, आणि त्यांत फक्त एकदाच सम अंगाने दाखवायची, बाकी दोन समा मनात. उरलेल्या वेळात कसक-मसक या सूक्ष्म हालचाली, भुवई, मनगट, श्वास, जे हवे ते, पण थोडे. थाटात लपायला बोल नसतात, म्हणून माणूस लवकर दिसतो. पढंतीकडेही, म्हणजे बोल तोंडाने म्हणण्याकडेही, आपण दुर्लक्ष करतो असे मला वाटते. एखादा तुकडा नाचून न दाखवता केवळ बोलांनी द्यावा, मुलीने तो पढून पढून आपल्या तोंडात बसवावा आणि मग त्याचा निकास, म्हणजे तो अंगातून काढण्याची रीत, स्वतः शोधावा. तोंडातला ठहराव कुठे येतो यावरून पायातला ठहराव ठरतो, आणि प्रत्येकीच्या तोंडात तो किंचित निराळा असतो. हा पढंतीचा भाग आठ-नऊ वर्षांच्या मुलींनाही देता येतो. त्यांना शैलीचे नाव न सांगता तिची तयारी होत राहते.

अभिनयात अडचण निराळी असते. घूंघटची गत, म्हणजे चालीतून आणि हावभावांतून ते चित्र दाखवणारा तुकडा, शिकवताना मला नेहमी जाणवते की पुण्या-नाशिकच्या मुलींनी घूंघट फारसा पाहिलेलाच नसतो. त्यांनी आजीच्या डोक्यावरचा पदर पाहिलेला असतो, आणि तोही क्वचित. मग त्या घूंघटची नाही, तर माझ्या हाताची नक्कल करतात. मटकीच्या गतीत तेच होते. म्हणून मी आता प्रश्न विचारते: मटकी भरलेली आहे की रिकामी? वाट चढाची आहे का? वाटेत कोणी भेटले आणि थांबावे लागले, तर मटकीचे काय करशील? एका मुलीने सुट्टीत गावी जाऊन आजीला हंडा डोक्यावर आणि कळशी कमरेवर घेताना नीट पाहिले. परत आल्यावर तिचा कमरेवरचा हात बदलला होता. बोटे आता सजावटीसाठी वळत नव्हती, ती काठाखाली सरकून वजन पेलत होती, आणि वजन त्या बाजूला गेल्यामुळे दुसरा खांदा आपोआप किंचित उचलला जात होता. गतीची चाल, पलटा, मात्रा, सगळे जिथल्या तिथे होते. परंपरेने दिलेल्या गतीत तिची स्वतःची आजी आली होती.

इथवर सांगितले ते असे की आपली लकब ओळखून तिला नाव द्यावे, नाचणे कमी करून पाहणे वाढवावे, आणि घट्ट अटीच्या आत एकेक निवड मुलीवर सोपवावी. आता सर्वांत नाजूक भाग. मुलीने जे निवडले ते तिची शैली आहे की तिचा पळमार्ग, हे कसे ओळखायचे?

मी एक कसोटी वापरते. जे तिचे वैशिष्ट्य वाटते, त्याच्या नेमके उलट तिला महिनाभर करायला लावते. द्रुत लयीत रमणाऱ्या मुलीला महिनाभर विलंबित. सतत हसऱ्या चेहऱ्याने नाचणारीला महिनाभर चेहरा शांत. मोठ्या, लांब रेषेचे हस्तक करणारीला महिनाभर छातीजवळचे छोटे हस्तक. महिन्याच्या शेवटी दोनपैकी एक दिसते. तिला उलटे नीट करता आले आणि तरीही मोकळी सोडल्यावर ती आपल्या वळणाकडे परतली, तर ते वळण तिचे आहे. ते मी जपते आणि त्यासाठी रचना शोधते. तिला उलटे करताच आले नाही, तर ती उणीव आहे आणि तिला शैली म्हणणे म्हणजे तिची फसवणूक. माझ्याकडे एक फार वेगवान पायांची मुलगी होती. सगळे तिच्या तयारीचे कौतुक करत. विलंबितात उभी केल्यावर कळले की तिला मात्रा धरून थांबताच येत नाही, वेग हा तिचा आडोसा होता. दीड वर्ष आम्ही विलंबितावर काम केले. आजही ती वेगवानच नाचते, पण आता तो वेग ती निवडते, आणि पाहणाऱ्याला तो फरक जाणवतो.

याच कारणाने दुरुस्तीची भाषाही बदलावी लागते. मी एका वहीत दोन रकाने करते. एकात चुका: लय सुटणे, अंग अशुद्ध पडणे, बोलाचा किंवा पदाचा अर्थ बिघडणे, गुडघ्याला किंवा पाठीला इजा होईल अशी हालचाल. दुसऱ्यात मला न आवडलेल्या गोष्टी. वर्गात मोठ्याने फक्त पहिला रकाना बोलायचा, असा नियम मी स्वतःला घातला. पहिल्या महिन्यात माझ्या निम्म्याहून अधिक सूचना दुसऱ्या रकान्यात गेल्या, हे पाहून मला फार वाईट वाटले. इतकी वर्षे मी माझी आवड चूक या नावाखाली सांगत होते आणि मुली ती निमूटपणे स्वीकारत होत्या. आता दुसऱ्या रकान्यातले काही सांगावेसे वाटले, तर मी ते माझे मत म्हणून वर्गानंतर एकटीला सांगते आणि निर्णय तिच्याकडे ठेवते.

मोबाइलवरच्या छोट्या चित्रफितींबद्दल आपण जाता जाता विचारले आहे. मुली तिथून नामवंत कलावंतांच्या लकबी उचलतात हे खरे आहे, आणि मी त्यावर बंदी घालत नाही. मी एवढेच विचारते की तू यातले काय घेतलेस ते शब्दांत सांग, आणि ते कोणत्या बंदिशीत बसेल ते दाखव. ज्या मुलीला सांगता येते तिने काहीतरी शिकलेले असते. जिला सांगता येत नाही तिचे ते दोन महिन्यांत आपोआप गळून पडते.

वार्षिक कार्यक्रमाला आपल्याकडे चार महिने आहेत. सातही मुलींची समूहरचना तशीच ठेवावी, पण मध्ये प्रत्येकीला तीन मिनिटे एकटीची द्यावीत: थाट, एक स्वतःची तिहाई, आणि एक गत. त्या सात जणींच्या बाबतीत आपण फक्त पहिल्या रकान्यातले बोलावे. रंगीत तालमीपर्यंत आपल्याला अनेकदा उठून दाखवावेसे वाटेल. त्या वेळी हातावर ताल धरून ठेवावा; हात गुंतलेले असले की उठणे टळते, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. पालकांनाही आधी सांगून ठेवावे की या भागात प्रत्येकीचे काम वेगळे दिसेल, नाहीतर "तिला जास्त चक्करे दिली, माझ्या मुलीला कमी" अशी तुलना सुरू होते आणि तिचा ताण मुलींवर येतो.

आणि आता ती उशिरा नजर आणणारी मुलगी. 'अभिनयदर्पण' या नृत्यावरच्या संस्कृत ग्रंथात "यतो हस्तस्ततो दृष्टिः" असे म्हटले आहे, म्हणजे जिथे हात तिथे दृष्टी. आपण त्याचा अर्थ दोन्ही एकाच क्षणी, असा घेऊन तिला दुरुस्त करत आहात आणि द्रुत लयीत ते योग्यच आहे. पण विलंबितात हात आधी आणि नजर मागून, या क्रमात एक सौंदर्य असू शकते. तेव्हा तिला तीनही प्रकारे करायला लावा: नजर हाताच्या आधी, हाताबरोबर आणि हातामागून. तिन्ही जमले, तर उशिरा येणारी नजर तिची आहे. विलंबित थाटात ती राहू द्या, आणि द्रुतात ती हाताबरोबर आणण्याची तयारी तिच्याकडून करून घ्या. जमले नाहीत, तर कारण शोधावे लागेल. इथे मला एक शंका आहे, जी मी माझ्याच वर्गात खरी ठरताना पाहिली आहे. तीन वर्षे तिला नेमके समेवरच टोकले जात आहे. सम आली की तिचे डोळे आधी आपल्याकडे वळत असतील, ताईंना पटले का हे पाहत असतील, आणि मग हाताकडे जात असतील. उशीर तिथे होत असेल. एक दिवस तिला आरशाकडे पाठ करून उभी करा, आपण तिच्या मागे बसा, फोन समोर ठेवून चित्रीकरण करा आणि तीनतालाची दहा आवर्तने काही न बोलता होऊ द्या. तिची नजर कुठे जाते ते त्या चित्रीकरणात दिसेल. काय दिसले ते मला अवश्य कळवा. पुढचे त्यावरून ठरवू.